मुकादमाची गुप्त प्रार्थना

डोळे मिटलेले होते, त्यामुळे दिवा गेलेला मुकादमाला कळलाच नाही. दाराच्या कोयंड्यात पिन सरकल्याचा आवाज मात्र त्याने ऐकला. चांगला स्पष्ट ऐकला. ती पिन बाहेरून कोण लावतं हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. दारापलीकडे त्याचा साडू उभा होता. त्या क्षणी मुकादमाने नुसती हाक मारली असती, तर दार उघडलं असतं, साडूने दोन टोमणे मारले असते आणि दोघं चहाला गेले असते.

पण मुकादम गुडघ्यांवर होता आणि प्रार्थना अर्ध्यावर आली होती. प्रार्थना मध्येच सोडणं म्हणजे मालक बोलत असताना पाठ फिरवण्यासारखं, असं त्याचं मत होतं. शिवाय ही प्रार्थना गुप्त होती. हाक मारली तर साडूला कळणार की हा आत प्रार्थना करतोय. मग गुप्त काय राहिलं? म्हणून त्याने उरलेली वाक्यं घाई न करता म्हटली, आमेन म्हटलं आणि डोळे उघडले.

उघडून काही फरक पडला नाही.

कारखाना गोठवलेल्या भाज्यांचा होता. मटार, मक्याचे दाणे, गाजराचे चौकोनी तुकडे, सगळं पिशव्यांत भरून, पिशव्या खोक्यांत आणि खोकी छतापर्यंत रचलेली. कोल्ड रूममध्ये उणे अठरा अंश. मटाराला ते मानवतं. माणूस जाड जाकीट घालून जातो, काम उरकतो आणि नाक चोळत बाहेर येतो. एवढ्या मोठ्या कारखान्यात प्रार्थनेला हीच जागा सापडली का, असं कोणी विचारलं तर मुकादमाकडे उत्तर तयार असे. शास्त्रात सांगितलंय की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे, देव गुप्तपणे बघतो. आणि कारखान्यात दार लागणाऱ्या जागा दोनच. एक संडास, पण तिथे देवाला बोलावणं त्याच्या जिवावर येई. दुसरी ही.

साडूला हे मान्य नव्हतं. साडू कारखान्याचा मशीनवाला. कॉम्प्रेसर सांभाळायचा आणि पाळी संपताना सगळ्या थंड खोल्यांचे दिवे घालवून दारांना पिना लावायचा. कॉम्प्रेसरशेजारी जन्म गेल्यामुळे त्याचा आवाज कायमच वरचा, आणि त्याला शास्त्रातली वचनंही तशीच सापडलेली. सगळीकडे हात वर करून प्रार्थना करा. दोघंतिघं जमून एकमताने मागा. अखंड मागा. ती विधवा न्यायाधीशाच्या कशी हात धुऊन मागे लागली आणि शेवटी वैतागून त्याने तिला न्याय दिला, हे तर तो असं सांगे की जणू खटल्यात साक्षीदार होता. मुकादम म्हणे, बडबड करू नका हेही त्याच शास्त्रात आहे, आपण मागायच्या आधीच बापाला आपली गरज ठाऊक असते. साडू म्हणे, ठाऊक असते तर मागायला सांगितलं कशाला? मुकादम म्हणे, तुम्ही ओरडता ते बाप बहिरा आहे म्हणून का?

हा वाद लग्नांत झाला, मयतांत झाला, आणि एकदा मुकादमाची बायको आत बाळंत होत असताना हॉस्पिटलच्या व्हरांड्यात झाला. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या नवऱ्यांपुढे चहा ठेवून आतल्या खोलीत जात आणि दार लावून घेत. प्रार्थनेसाठी नव्हे. पाळकसाहेबांना एकदा निवाडा करायला बोलावलं, तर ते म्हणाले दोन्ही बरोबर आहे. त्यावर पाळकसाहेबांचा अभ्यास कमी पडतो, एवढ्या एका मुद्द्यावर दोघा साडूंचं एकमत झालं.

आता मुकादम उठला आणि अंधारात चाचपडत दाराशी आला. घाबरला असं अजून म्हणता येणार नाही. आत कोंडलेल्या माणसासाठी दाराला आतून दांडा असतो, तो ढकलला की दार उघडतं. त्याने दांडा ढकलला. दांडा हलला, दार हललं नाही. अर्थातच. बाहेर पिन असली की दांडा नुसता हातात हलतो. हे नव्या कामगारांना समजावून सांगणं हे मुकादमाचंच काम होतं. तो सांगे, म्हणून तर बिल्ला.

प्रत्येकाला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला. आत जाताना तो दाराशेजारच्या फळीवर लटकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. पिन लावणारा आधी फळी बघणार. बिल्ला दिसला तर आत माणूस आहे. नसला तर नाही. बिल्ल्याशिवाय जो आत जाईल त्याला मटार समजलं जाईल, हा मुकादमाचा ठरलेला विनोद. नवे कामगार त्यावर हसत, कारण मुकादमाच्या विनोदावर हसावं लागतं.

मुकादमाचा बिल्ला त्याच्या खिशात होता.

आता घाबरला.

गेल्या रविवारी उपासनेनंतर सगळे घरी जेवायला होते. साडू ऐसपैस हात पसरून बसला होता आणि रंगात आला होता. म्हणाला, "साडूभाऊंची प्रार्थना एवढी गुप्त, एवढी गुप्त, की साऱ्या कारखान्याला तिची वेळ पाठ आहे. बिल्ला लटकला की पॅकिंगच्या बाया म्हणतात, चला, मुकादम देवाकडे गेले, जरा टेकू या. शास्त्रातले ते जुने ढोंगी निदान चौकात नुसते उभे राहून प्रार्थना करायचे. हे पाटी लावून बसतात."

सगळे हसले. मेहुणी हसली ते ठीक. पण मुकादमाची बायकोही हसली, तोंडाला पदर लावून, आणि त्या हसण्याचा काटा आठवडाभर सलत राहिला. साडूचं म्हणणं खरं होतं, ही त्यातली वाईट गोष्ट. म्हणून आज त्याने बिल्ला लटकवला नाही. आणि दुपारच्या चहाची नेहमीची वेळ सोडून, कोणाला संशय येऊ नये म्हणून, पाळी सुटता सुटता आत शिरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची प्रार्थना खरोखर गुप्त झाली. कुणाला म्हणजे कुणालाही पत्ता नव्हता.

दाराशेजारी घंटेचं बटण होतं, लाल, अंधारात मंद चमकणारं. ते त्याने दाबून धरलं. घंटा मशीनघरात वाजते. मशीनघरात साडू असतो. तो आता येईल, दार उघडेल, टोमणा मारेल. मारू दे. जन्मभर मारू दे. त्याने बटण सोडून पुन्हा दाबलं आणि मग त्याला आठवलं की आज बुधवार.

बुधवारी पाळी सुटली की कॅन्टीनमध्ये सामुदायिक प्रार्थना असे. मालक स्वतः मंडळीतले वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक, त्यामुळे ज्यांना प्रार्थना करायची असे तेही जात आणि ज्यांना नोकरी टिकवायची असे तेही जात. साडू पुढच्या रांगेत, हात वर. पूर्वी ही प्रार्थना दुपारच्या चहाच्या वेळी, इथे बाजूलाच, पॅकिंगच्या हॉलमध्ये व्हायची. पण हलकल्लोळाने आपल्या एकांताचा भंग होतो अशी मुकादमाने मालकांकडे तक्रार केली होती. पाठपुरावाही केला होता. मालकांनी शेवटी त्याचं ऐकलं आणि वेळ बदलून सगळी मंडळी आवाराच्या पार पलीकडच्या टोकाला, कॅन्टीनमध्ये हलवली. मुकादमाची आजवर एवढी स्पष्टपणे ऐकली गेलेली विनंती हीच.

घंटा रिकाम्या मशीनघरात वाजत राहिली असणार. इथे तर तीही ऐकू येत नव्हती. ऐकू येत होती ती वरच्या पंख्यांची घरघर. फोन बाहेर लॉकरमध्ये. घरी बायको वाट बघणार नाही, कारण बुधवारी उशीर व्हायचाच. प्रार्थना संपली की सगळे परभारे फाटकातून बाहेर पडणार, आणि हे दार उघडणार ते उद्या सकाळी. सकाळपर्यंत उणे अठरामध्ये माणसाचं काय होतं, तेही मुकादमच नव्या कामगारांना सांगत असे. तिथे विनोद करत नसे.

तो ओरडला. दारावर मुठी मारल्या. जाड दाराने ते सगळं गिळून टाकलं. हातमोजे त्याने प्रार्थनेसाठी काढून शेजारच्या खोक्यावर ठेवले होते. त्याने चाचपून पाहिलं तर एकच सापडला, दुसरा अंधारात कुठेतरी पडला. बोटं आता दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी वाटू लागली होती.

मग राहिली प्रार्थना.

माणूस बुडत असताना पोहण्याच्या पद्धतीवर विचार करत नाही, असं आपल्याला वाटतं. मुकादमाने केला. सवय होती. त्याने सुरुवात आपल्या पद्धतीने केली, थोडक्यात. हे बापा, मी आत अडकलोय. झालं. यापुढे बोलणं म्हणजे बडबड. बापाला आधीच ठाऊक आहे. तो थांबला आणि वाट पाहू लागला, आणि त्या शांततेत एक विचार थंडीपेक्षा थंडपणे त्याच्या मानेवरून उतरला. बापाला आधीच ठाऊक आहे. म्हणजे पिन सरकत होती तेव्हाही ठाऊक होतं. बिल्ला खिशात टाकला तेव्हाही. म्हणजे ज्याला सांगायचं त्याला सगळं माहीत आहे, आणि तरीही दार बंद आहे.

तो घाईने दुसऱ्या वचनाकडे वळला. जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे मिळेल. ठीक. त्याने विश्वास धरला. दार उघडलंय. साडू उभा आहे. बाहेरची ऊब तोंडावर येतेय. त्याने आगाऊ आभारही मानले, पाठ दाराला टेकवली आणि हळूहळू खाली बसला. आणि खरंच, जरा बरं वाटू लागलं. थंडी तेवढी बोचेना. डोळ्यांवर पेंग आली, पोटात गोड गोड वाटलं, आणि आपला विश्वास इतका मोठा असेल अशी मुकादमाला कल्पनाच नव्हती.

मग त्याला स्वतःचाच आवाज आठवला, नव्या कामगारांपुढचा. थंडी वाजायची थांबली की समजा, आता खेळ संपत आला. बसायचं नाही. झोपायचं तर नाहीच.

तो किंचाळत उठला. कानशिलावर स्वतःच चापट मारली, ती लागली नाही, म्हणून आणखी मारली. आणि चालू लागला, दोन रांगांमधल्या बोळातून, खोक्यांना खांदे घासत, दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत. चालता चालता त्याने हात वर केले, साडूसारखे. लाज वाटायची वेळ निघून गेली होती. पण हात वर केले की काखेतली ऊब जाते आणि बोटं मरतात. काखेत धरले की देवापुढे हात बांधून उभं राहिल्यासारखं होतं. त्याने एक हात वर केला, एक काखेत ठेवला, मग अदलाबदल केली. दोन्ही पंथांचा असा मेळ मंडळीत आजवर कुणी घातला नसेल.

एक प्रार्थना उरली होती. ती मोठ्या माणसांची, शेवटच्या वेळची. माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मुकादमाने ती मयतांत कितीदा म्हटली होती. त्यात वाद नव्हता, साडूलाही ती मान्य होती. त्याने तोंड उघडलं. माझ्या इच्छेप्रमाणे नको, इथवर म्हणाला, आणि त्याने तोंड मिटलं. ते म्हटले आणि खरंच तसं झालं तर? देवाची इच्छा काय आहे कुणाला माहीत? इतकी वर्षं तो हे वाक्य दुसऱ्यांच्या वतीने बेधडक म्हणत आला होता. आता ते पुरं करायची त्याला भीती वाटली. थंडीची नाही, अंधाराची नाही. त्याला देवाची भीती वाटली, लहान मुलाला अंधाऱ्या खोलीत वाटते तशी. म्हटलेलं अर्धं वाक्यही परत घ्यावं, असं त्याला झालं. माझ्याच इच्छेप्रमाणे, तो पुटपुटला. या वेळेला माझ्याच.

त्याचा पाय मालाच्या हातगाडीला अडखळला. लोखंडी, चाकांची. त्याने ती बोळातून ओढली, मागे घेतली आणि सगळं अंग टाकून दारावर घातली. धाड झालं. "दार उघडा," तो ओरडला. मागे घेतली, घातली. "दार उघडा." तेच, पुन्हा तेच. यात विश्वास नव्हता, नम्रता नव्हती, आभार नव्हते. ज्याला तो आयुष्यभर बडबड म्हणत आला ती हीच. कधी तो देवाला अरे म्हणत होता, कधी साडूला अहो. मधेच हाका मिसळल्या आणि आपण नक्की कुणाला बोलावतोय हे त्यालाही सांगता आलं नसतं. ती विधवा न्यायाधीशाच्या दाराशी नक्की काय करत असेल, ते त्याला कळलं. ती वाद घालत नसणार.

हात गाडीवरून निसटू लागले. तो पुन्हा गुडघ्यांवर आला, या खेपेला मनात नसताना, आणि डोकं दारावर आपटू लागला.

कॅन्टीनमध्ये काय घडलं, ते मुकादमाला पुढे पॅकिंगच्या बायांनी सांगितलं, प्रत्येकीने वेगवेगळं. त्यातलं सगळ्यांत जुळलेलं एवढं. पाळकसाहेबांनी गैरहजर भावांसाठी प्रार्थना करायला सांगितली आणि मुकादमाचा विषय मोठ्या हौसेने साडूने घेतला. हात वर करून तो म्हणू लागला की प्रभू, आमच्या मुकादमाचं कठीण हृदय तू मऊ कर, त्याला एकांताच्या गर्वातून बाहेर काढ. आवाज टिपेला पोचला होता. मग तो म्हणाला, आत्ता या घडीला तो कुठे आहे, प्रभू, ते तुला माहीत.

आणि थांबला.

हात वर तसेच. लोकांना वाटलं आत्मा उतरला. मालकांनी डोळे घट्ट मिटून होय प्रभू म्हटलं. साडूच्या तोंडावरचा रंग मात्र उतरत गेला. फळीवर बिल्ला नव्हता. मुकादम फाटकाकडे जाताना कुणाला दिसला नव्हता. आणि रविवारी पाटीचा टोमणा मारला होता तो साडूनेच. त्याने हात खाली टाकले, बाक ओलांडला, पाळकसाहेबांच्या पायावर पाय दिला आणि आमेन न म्हणता धावत सुटला. काहींना वाटलं पोट बिघडलं.

दार उघडलं तेव्हा मुकादम त्याच्या पायांवर पालथा पडला.

साडूने त्याला ओढत बाहेर आणलं, स्वतःचा सदरा काढून गुंडाळला, त्याची बोटं आपल्या काखेत धरली. साडूचे दात वाजत होते, मुकादमाचे वाजत नव्हते, त्यामुळे मागून धावत आलेल्या लोकांना आत नक्की कोण अडकलं होतं हे पटकन कळेना. साडू म्हणाला, "पिन मी लावली." मग परत म्हणाला, "मीच लावली, साडूभाऊ." तो ते म्हणतच राहिला, गाडी येईपर्यंत, गाडीत, हॉस्पिटलच्या दारापर्यंत.

मुकादमाची दोन बोटं बरेच दिवस काळीनिळी राहिली, पण वाचली. मंडळीत मात्र त्या घटनेवरून उभी फूट पडली. एका गटाचं म्हणणं, दोघंतिघं जमून मागितलं म्हणून दार उघडलं. दुसऱ्याचं म्हणणं, आतल्या गुप्त हाकेचं ते उत्तर. दोन्हीकडून वचनं निघाली. दोघाही साडूंना साक्ष द्यायला बोलावलं गेलं आणि दोघांनीही घसा बसल्याचं सांगितलं. घरी बायकांनी पुन्हा चहा ठेवून दार लावायची तयारी केली, तर बाहेरच्या खोलीत सामसूम. दोघं कप हातात धरून बसलेले. मुकादमाच्या बायकोने आतलं दार लावायला घेतलं तेव्हा तो नुसता म्हणाला, राहू दे उघडं. तिने उघडं ठेवलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. हसली नाही.

कामावर परतायचा दिवस आला. मालकांनी पिना काढून आतूनही उघडणाऱ्या नव्या कड्या बसवल्या होत्या, घंटा फाटकापर्यंत नेली होती, शिवाय भिंतीवर एक वचनही रंगवून घेतलं होतं. मुकादमाने बिल्ला लटकवला. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. आणि उंबऱ्यावरच उभा राहिला. आत दिवा होता, खोकी होती, पांढरी वाफ होती. पाय उचलेना.

साडू मशीनघरातून आला. काही न विचारता दार सताड उघडलं आणि पाठ लावून उभा राहिला. पंखे घरघरू लागले, थंडी भसाभस बाहेर सांडू लागली, तिकडे कॉम्प्रेसरवर ताण यायला लागला. दुसरं कुणी दार असं उघडं ठेवलं असतं तर साडूने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

मुकादम आत गेला. पहिल्या रांगेपर्यंत गेला आणि थांबला. मान वळवायची हिंमत झाली नाही.

"दार धरलंय ना?"

"धरलंय."

दुसऱ्या रांगेशी आला. खोक्यांच्या आड गेलं की इथून दार दिसत नाही.

"धरलंय ना?"

"धरलंय, साडूभाऊ."

त्याने पहिलं खोकं खाली घेतलं, मग दुसरं. प्रत्येक खोक्यामागे तो तेच विचारत होता, आणि पलीकडून तेच उत्तर येत होतं.